सत्काराची शाल

बाळाच्या मेंदूचं बांधकाम अजून चालू होतं, तेव्हाची गोष्ट. पायाकडे निरोप पोचवणाऱ्या एका मज्जातंतूचा सत्कार ठरला. शेजारची पेशी महिनोन्‌महिने त्याच्या अंगावर चरबीचे वेढे घालत होती, म्हणून त्याचे निरोप सुसाट जात.

तंतू तिला म्हणाला, "बाई, हे तुमचं गुंडाळलेलं काढा आधी. शाल नीट बसत नाही."

"अहो तंतूराव, निरोप रेंगाळतील."

"निरोप मी नेतो. तुम्ही नुसत्या बसून असता."

तिने वेढे सोडले. शाल झकास बसली. तेवढ्यात बाळाने पाऊल टाकायचं ठरवलं. निरोप निघाला तो वाटेतच रेंगाळला आणि बाळ तोंडावर आपटलं.

तंतूने शाल सावरत भाषण सुरू केलं, "हल्लीचे पाय फार आळशी झालेत."

टाळ्या पडल्या. पेशीने शालीखालून पुन्हा पहिला वेढा घालायला घेतला.