पाचशे रुपयांचा वेग

सभापती जगदाळ्यांची गाडी छोटी, लाल. रुबाब मात्र रणगाड्याचा. एकदा ते ती घेऊन वत्सलाबाई मेस्त्रींच्या गॅरेजात शिरले.

"टर्बो लाव, स्पॉयलर लाव, नाहीतर सायलेन्सर बदल, तुझं तू ठरव. पण गाडी सुसाट पळाली पाहिजे आणि अख्ख्या गावानं वळून बघितलं पाहिजे. पाचशेच्या वर दमडी देणार नाही. जमलं नाही तर हे शेड उद्या अतिक्रमणात पाडतो!"

वत्सलाबाईंनी ब्रश उचलला आणि मागच्या काचेवर ठळक रंगवलं : 'गाडी विकणे आहे. किंमत फक्त पाच हजार.'

सभापती भडकले. "हा काय चावटपणा? लोक बघतील, पण गाडी पळणार कशी?"

"बाजारातनं एक चक्कर मारा, साहेब," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईकं मागं लागली की तुम्हीच पळवाल."