कासवाचं हळूहळू

घाटातल्या एका जंगलात एक गवा राहत असे. मुलांनो, नुसता राहत नसे, चांगला मिरवत असे! खांदा लावून वाळलेलं झाड आडवं करणारा गडी तो. पण एकदा ओढ्यातल्या शेवाळलेल्या कातळावरून त्याचा पाय सटकला आणि खांदा असा काही लचकला, की मिरवणं सोडाच, उभं राहणंही मुश्कील झालं. डोहातल्या म्हाताऱ्या कासवाने त्याला आधी सावलीत पडून राहायला लावलं, मग पाण्यातून चालायला लावलं. होता होता कळ थांबली.

इकडे उन्हाळा चढू लागला होता. पाणी कमी झालं, की गव्यांचा कळप खिंड चढून वरच्या पठारावर जाई. तिथला झरा कधी आटत नसे. पण खिंड म्हणजे नुसता उभा चढ! ज्याला चढता येणार नाही तो खाली एकटा राहणार, आणि डोह आटला की पाण्यावाचून तडफडणार. गव्याने लगेच डोह गाठला. त्याने कासवाला विचारलं, "दादा, आता दुखत नाही. चढू ना?"

"चढायला लाग की," कासव म्हणालं, "पण हळूहळू."

गव्याने मान डोलावली आणि थेट खिंड गाठली. पण हळूहळू हं! एक खूर टाकायचा, थांबायचं, सुस्कारा सोडायचा, मग दुसरा खूर. सांगणारं कासव, तेव्हा हळूहळू म्हणजे सावकाश, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. अर्ध्या वाटेवर खांद्यात सणकन कळ गेली आणि बिचारा लंगडत खाली आला. त्याला काही कळेना. सांगितलं तसंच तर केलं, मग दुखलं का?

वाटेत वानर भेटलं. "रेंगाळलास ना, म्हणून दुखलं! दणादण चढायचं असतं!" पुढे घोरपड भेटली. "मुळात चढलासच कशाला? पडून राहा गुपचूप." आता ऐकावं तरी कोणाचं? गव्याचं डोकं भणभणलं. शेवटी भीतीपोटी तो पडून राहिला. कळ गेली खरी, पण उठायला गेला तर पाय लटपटू लागले. चढलं तर कळ येते, बसलं तर बळ जातं, हा काय प्रकार आहे बुवा!

तेवढ्यात कळप निघाला. कळपातल्या थोरल्या म्हातारीने हाक मारली, "येतोस ना रे?" गव्याला रडूच कोसळलं. कळप दिसेनासा झाल्यावर तो तणतणत डोहावर गेला.

"तुझ्या हळूहळूने माझी वाट लावली!"

"का रे? कुठे चढलास?"

"खिंड."

"एकदम खिंड?"

"एकदम कुठे? हळूहळू!"

आता कासवही गोंधळलं. मग त्याच्या ध्यानात आलं. "अरे देवा! पाय हळू टाकायचा नव्हे रे, चढ हळूहळू वाढवायचा! आधी ही डोहाची दरड. ती सोसली की बांबूमागची टेकडी. मग तिच्याहून उंच. दम लागला, अंग आंबलं तर हरकत नाही. पण खांद्यात कळ आली, की मुकाट्याने मागच्या चढावर यायचं."

"दरड? तिथे तर वासरं खेळतात! आणि हे आधी नीट सांगायचं ना!"

"चुकलंच माझं," कासव ओशाळलं. "माझ्या तोंडून हळूहळू ऐकल्यावर दुसरा अर्थ कोण घेणार?"

गव्याने लाज गिळली आणि वासरांच्या दरडीवर चढला. मग टेकडीवर चढला. एकदा खांदा कुरकुरला तेव्हा चरफडत पुन्हा दरडीवर आला. डोह रोज थोडा आत सरकत होता, तो बघून त्याचा जीव वरखाली होई. तरी त्याने खिंडीकडे पाऊल टाकलं नाही. डोहात चिखलच उरला, तोवर जंगलातली सगळ्यात उंच टेकडी त्याला सोपी वाटू लागली होती. कासव चिखलात दडून बसायच्या तयारीला लागलं. "जा आता," ते म्हणालं.

पठारावर कळप चरत होता. खिंडीतून धूळ उडवत, एकदाही न थांबता गवा वर आला तेव्हा थोरली म्हातारी बघतच राहिली. "अगं बाई, तू? आणि इतक्या झटपट कसा रे चढलास?"

"हळूहळू," गवा म्हणाला, आणि झऱ्यावर पाणी प्यायला गेला.

सगळा कळप एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागला.

तात्पर्य : दुखणं थांबलं म्हणजे बळ परत आलं असं नव्हे. बळ लहान चढापासून एकेक चढ वाढवत आणावं लागतं. मोठा चढ सावकाश चढला म्हणून लहान होत नाही.