चौथा कोपरा

एका गावात एक गवंडी राहायचा. हात सोन्याचा, पण एक खोड होती. कुणाचंही घर बांधायला घेतलं, की पाया आखण्याआधी तो चारही कोपऱ्यांत खोल खड्डे खणायचा. पहार कठीण मुरमावर आपटून खणखणली, की मगच पुढचं काम. कुठे माती भुसभुशीत लागली, तर पाया आणखी खोल न्यायचा, नाहीतर घरच चार हात सरकवायचा.

"अरे, घर बांधतोयस की विहीर खणतोयस?" लोक चेष्टा करायचे.

"वरून सगळीच माती सारखी दिसते. आत काय आहे ते मला कुठं ठाऊक?" तो म्हणायचा आणि खणत राहायचा.

त्याला एक धाकटी बहीण होती. लहान वयात विधवा झालेली. दिराच्या ओसरीवर एका कोपऱ्यात तिचा संसार मांडलेला. पाऊस आला की ती अंथरुणाची वळकटी उराशी धरून भिंतीला टेकून बसायची. ते बघून गवंड्याचं काळीज तुटायचं. शेवटी गावाने चिंचेजवळची पडीक जागा दिली, आणि त्याने तिच्यासाठी घर बांधायला घेतलं.

तीन कोपऱ्यांत पहार खणखणली. चौथा, ईशान्येचा कोपरा राहिला, तोवर पायाभरणीचा दिवस उजाडला. पहार घेऊन तो आला, तर बहिणीने तोच कोपरा शेणाने सारवून ठेवलेला. वर रांगोळी, रांगोळीवर कलश.

"दादा, थांब की रे! रांगोळी मोडेल. मुहूर्त टळला तर पुढचा थेट दिवाळीनंतर. पुन्हा एक पावसाळा त्या ओसरीवर काढू का मी?"

तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. कितीतरी वर्षांनी ती हसत होती. गवंडी घुटमळला. तीन कोपरे कठीण लागले, म्हणजे चौथाही असणारच, असं त्याने मनाला समजावलं आणि पहार खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच.

घर उभं राहिलं. ईशान्येच्या कोपऱ्यात बहिणीने देव मांडले. येईल त्याला ती उंबऱ्यावर बसवून गूळपाणी द्यायची आणि "हे माझं घर" असं सांगायची.

पाऊस सुरू झाला आणि देवाजवळच्या भिंतीला बारीक भेग पडली. गवंड्याने चुना भरून ती बुजवली. पुढे दार चौकटीत अडू लागलं.

"दादा, दार लागत नाही रे नीट."

घर खचतंय हे त्याने ओळखलं होतं. पण जिला आत्ता कुठे घर मिळालं, तिला बाहेर पड म्हणून कसं सांगायचं? "लाकूड फुगलं असेल. उघडीप मिळाली की बघतो," तो म्हणाला.

उघडीप मिळालीच नाही. एका सकाळी बहीण देवापुढे निरांजन लावत असताना तो कोपरा खचला आणि भिंत तिच्या अंगावर आली. गवंड्याने नखं फुटेपर्यंत दगड उपसले. ती सापडली, पण तिच्यात जीव नव्हता.

दिवसकार्य आटोपल्यावर तो पहार घेऊन एकटाच तिथे गेला. चौथ्या कोपऱ्यात त्याने घाव घातला. आवाज आला नाही. पहार सरळ आत गेली. खाली राख होती, खापऱ्या होत्या, कुजका पाचोळा होता. कुणाच्याही आठवणीत नसलेला एक जुना उकिरडा कधीतरी बुजवला गेला होता. त्याच्यावर वीतभर चांगली माती, आणि तिच्यावर बहिणीची रांगोळी. तो तिथेच बसून ढसाढसा रडला.

पुढे तो पुष्कळ जगला, पुष्कळ घरं बांधली. कुणी मुहूर्ताची घाई केली, की म्हातारा कलश उचलून बाजूला ठेवायचा आणि रांगोळीच्या मधोमध पहार मारायचा. घरातल्या बायका रागावायच्या.

"रांगोळी पुन्हा काढता येते गं, बाई," एवढंच तो म्हणायचा, आणि पदराने डोळे पुसावेत तसा धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचा.

तात्पर्य: आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल करण्यात कमीपणा नाही, पण मायेपोटीसुद्धा न तपासलेल्या जमिनीवर आपलं माणूस उभं करू नये.