चुकीचे पाढे, बरोबर झोप

"बंद करा ती शिकवणी!" राजे फत्तेराव गरजले. दरबारातल्या निम्म्या लोकांनी दचकून फेटे सावरले.

समोर तांबट आळीतली द्वारकी उभी होती. आळीतली पोरं तिला अक्का म्हणत. दुपारी जेवणं उरकली की ती आपल्या ओट्यावर पोरं जमवायची आणि पाढे म्हणून घ्यायची. आजूबाजूला हंड्यांवर हातोडे पडत, म्हणून पोरंही बेंबीच्या देठापासून ओरडत. आणि ओटा होता नेमका राजवाड्याच्या पिछाडीला, महाराजांच्या शेजघराखाली!

"हातोड्यांनी माझी झोप मोडत नाही," राजे म्हणाले, "पण डोळा लागतो न लागतो, तोच तुझं कोणीतरी कार्टं 'सात सत्ते पन्नास' म्हणतं, आणि मी ताडकन उठून बसतो! मग कसली झोप नि कसलं काय!"

अक्काचे डोळे लकाकले. पण ती हात जोडून म्हणाली, "महाराज, आळीत दुसरी शिकवणी नाही. ही बंद झाली तर पोरं नुसती गोट्या खेळतील हो!"

"माझा बाळराजे तरी काय करतो? पाच पंतोजी ठेवलेत घरी! ते पुढच्या दाराने आले की हा पलंगाखाली!" राजांना एकदम कल्पना सुचली. त्यांनी मिशीला पीळ भरला. "तुला शिकवणीचा एवढा सोस ना? मग शिकव त्याला पाढे. पण युवराज तांबट आळीत पाऊल टाकणार नाही. तू राजवाड्यात यायचं नाहीस. आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाहीस! पौर्णिमेला परीक्षा. चुकला, तर शिकवणी बंद!"

दरबार खो खो हसला. अक्काही हसली. "जशी आज्ञा, महाराज. पण तोवर आमचा आवाज सोसावा लागेल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरून आवाज चढला.

"बे एके बे! बे दुणे पाऽऽच!"

वर महाराजांच्या शेजघराशेजारच्या आपल्या खोलीत बाळराजे पलंगाखाली लाडू खात होते. त्यांचे कान टवकारले. पाच? एवढं तर त्यांनाही येत होतं! ते खिडकीकडे धावले. "अरे ढब्बूंनो! बे दुणे चार!"

खालून सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "बे दुणे चाऽऽर!" आणि लगेच पुढे, "तीन त्रिक दहाऽऽ!"

"नऊ रे, नऊ!" बाळराजे खिडकीत नाचायला लागले. आजवर सगळे त्यांच्याच चुका काढत होते. दुसऱ्याची चूक काढायची मजा लाडवाहून गोड निघाली!

अक्का मात्र मान वर करायची नाही. ओठ घट्ट मिटून पोरांना नुसती हाताने खूण करायची. एकदा हसू आवरेना, तेव्हा तिने चक्क घागरीत तोंड घातलं.

हळूहळू पोरं मोठ्या पाढ्यांकडे वळली. "तेरा साती नव्वद!"

बाळराजे गडबडले. चूक तर वाटत होती, पण बरोबर काय? ते तडक पंतोजींच्या खोलीत घुसले. "पंतोजी, लवकर! तेरा साती किती?"

पंतोजींच्या हातातली तपकीर सांडली. "एक्क्याण्णव, युवराज! पण आपण... स्वतःहून?"

"थांबायला वेळ नाही! ती पोरं पुढे जातील!"

मग रोज हेच. बाळराजे सकाळीच पाढे घोकून खिडकीत दबा धरून बसत. एका दुपारी खालून "बारा सक्कं त्र्याहत्तर!" आलं, तर अर्धवट झोपेत खुद्द महाराजच ओरडले, "बहात्तर रे, गाढवांनो!"

पौर्णिमेला दरबार भरला. राजांनी विचारलं, "सतरा चोक?"

"अडुसष्ट!"

"एकोणीस सत्ते?"

"एकशे तेहेतीस! अजून कठीण विचारा ना, आबासाहेब!"

राजांनी आ वासला. मग ते अक्कावर उसळले. "अट मोडलीस! तू याच्याशी बोललीस!"

"छे, महाराज! युवराजच आमच्याशी बोलले. मी साधं 'हो' सुद्धा म्हटलं नाही."

"मग शिकवलंस कसं?"

"मी कुठं शिकवलं? त्यांनीच आम्हाला शिकवलं. युक्ती तर तुमचीच! चुकीचा पाढा ऐकून माणूस ताडकन उठतो, हे तुम्हीच भर दरबारात सांगितलं होतं!"

दरबारी तोंडाला उपरणं लावून खुसुखुसु हसले. राजांनी डोळे वटारले. "आणि माझ्या झोपेचं काय?"

"त्याची काळजी नको. चुकीच्या पाढ्याने माणूस उठतो, पण बरोबर पाढा ऐकताना भल्याभल्यांना डुलक्या लागतात. विचारा तुमच्या पाच पंतोजींना! आता पोरं पक्की झालीत, महाराज. आजपासून एकही चूक नाही!"

राजे इतके हसले, इतके हसले, की मुकुट घरंगळून मांडीत आला. "शाब्बास गं, तांबटाच्या पोरी!"

त्यांनी अक्काच्या ओट्यावर पक्कं छप्पर घालून दिलं, पाचही पंतोजी तिच्या हाताखाली दिले आणि बाळराजांना आळीतल्या पोरांच्या पंगतीत बसवलं. दुपारी एकोणतिसाचा पाढा सुरू झाला. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी" होईपर्यंत वरच्या खिडकीतून महाराजांचं घोरणं ऐकू येऊ लागलं.