आईसांचा घोट

“देह नाशिवंत आहे, हे तुम्हीच शिकवलंत ना, आईसा? मग त्याची डागडुजी कशाला करत बसायची?”

हे विचारायला विद्याधरबुवा चार तालुके ओलांडून मठात आले होते. प्रवचनकार म्हणून त्यांचं मोठं नाव. महिन्यापूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, उपचार घ्या, आशा आहे. बुवांनी नकार दिला. लोक म्हणाले, केवढं हे वैराग्य. बुवांना ते ऐकून बरं वाटलं.

आता गुरूंची तेवढी मोहोर हवी होती.

तपस्विनी केशराईसा खाटेवर टेकून बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाल्यापासून तीन महिने त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. सगळं नळीनं, थेट पोटात.

त्यांनी उशाजवळच्या वाटीकडे बोट केलं.

“आजपासून चमच्यानं पाणी घ्या म्हणालेत डॉक्टर,” त्या कुजबुजल्या. आवाज अजून पुरता आला नव्हता. “बरं झालं, तू आलास. पाज मला.”

बुवांनी चमचा ओठांशी नेला.

ठसका लागला. सगळं पाणी पदरावर.

“राहू द्या, आईसा. उद्या बघू.”

“भर.”

पुन्हा ठसका. या वेळी जीव कासावीस झाला. बुवांनी पाठ चोळली. त्या सावरल्या आणि वाटीकडे बघत राहिल्या.

“भर...”

तिसऱ्या वेळी त्यांनी हनुवटी छातीशी टेकवली, डोळे मिटले... बराच वेळ काहीच झालं नाही. मग गळा हलला. पाणी उतरलं.

केशराईसांनी हात जोडले. आधी वाटीला, मग बुवांना.

हजारो माणसं बुवांच्या पाया पडली होती; पण असा नमस्कार त्यांना कुणी केला नव्हता. पुढे उपचार घेऊन बरे झाल्यावर ते सांगत, “वीस वर्षं मी जे नुसतं बोलत होतो, ते त्या दिवशी आईसांच्या चेहऱ्यावर पाहिलं.”

त्या क्षणी मात्र त्यांचा हेका सुटेना.

“पण आईसा... देह तर नाशिवंतच ना?”

“आहे ना,” आईसा म्हणाल्या. “मग थांबलास कशाला? दुसरा घोट दे.”