सांबराचं पित्त

एका राज्यात भात शिजे, डाळ शिजे, सतरा भाज्या शिजत. पण राजकन्या चंपावलीच्या जिभेवर सगळंच कडू होई. शाप होता तो, धूम्रजट मांत्रिकाचा. मेजवानीत पहिल्या पंगतीचा मान मिळाला नाही, एवढंच निमित्त. भर सभेत तो गरजला होता, "राजकन्येच्या तोंडाची चव मी सांबराच्या पित्तात कोंडली आहे. राजाने सांबर मारावं. कातडं सलग निघावं, हाड एकही मोडू नये, पित्ताची थैली न फुटता माझ्या हातावर यावी. सांबरं तीनच. चुकलात तर पोर उपाशी मरेल."

पहिलं सांबर शिपायांनी तलवारींनी कापलं. कातड्याच्या चिंध्या झाल्या. दुसरं आचाऱ्याने कुऱ्हाडीने तोडलं. मांसात हाडांच्या कपच्या आणि केसच केस. थैली दोन्ही वेळा सापडली नाही. फुटली असेल, असं सगळे म्हणाले. चंपावली आता उठून बसेनाशी झाली होती.

राजाने तिसरं सांबर मारून आणलं, तेव्हा तुळईवरची साळुंकी बोलली, "राजा, मारणारा वेगळा, कापणारा वेगळा. वेशीजवळच्या म्हाळू खाटकाला बोलाव."

म्हाळू आला. साठीचा गडी, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. राजाने अटी सांगितल्या. तिसरी अट ऐकताना दगडावर फिरणारी म्हाळूची सुरी क्षणभर थांबली. त्याच्या मनात आलं, आता बोललो तर म्हणतील म्हातारा कामाला भ्याला. आधी काम, मग तोंड. सुरी पुन्हा फिरू लागली.

राजाने तलवार पुढे केली. "ही घे. हिची धार मोठी."

"महाराज, तलवार वैऱ्याला. याच्याशी आपलं वैर नाही," म्हाळू म्हणाला. त्याने सांबराच्या कपाळावर हात ठेवला. "बाबा, तू आता एका लेकराचं जेवण आहेस. तुझं काही वाया जाऊ देणार नाही."

सांबर आंब्याच्या फांदीला उलटं टांगलं. गुडघ्यांपाशी चीर दिली आणि म्हाळूने सुरी बाजूला ठेवली. कातडं आणि मांस यांच्यामध्ये त्याने मूठ घातली, हळूहळू खाली सरकवली. दुपार चढली तेव्हा कातडं शालीसारखं सलग उतरलं.

"कातडं काय, कोणीही काढील!" थैली घ्यायला अंगणात येऊन बसलेला धूम्रजट म्हणाला.

"मग बुवा, पहिली दोन का नाही निघाली?" म्हाळूने विचारलं. साळुंकी खळखळून हसली.

मग त्याने पोट उघडलं. काळीज, म्हणजे कलेजी, अलगद काढून पळसाच्या पानावर ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. नंतर सुरीचं टोक सांध्यासांध्यांत फिरू लागलं. प्रत्येक सांधा दार उघडावं तसा उघडत गेला. अंगणभर माणसं कान देऊन उभी होती. हाड मोडल्याचा आवाज एकदाही आला नाही. मांसावरचा चिवट पांढरा पापुद्रा त्याने सोलून काढला आणि वेगवेगळे वाटे मांडले.

"थैली!" धूम्रजटाने हात पसरला. "सूर्य कलला. आण थैली."

म्हाळूने फडकं काढलं. पानावर नुसतं काळीज होतं.

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. "फोडलीस?"

"महाराज, बोट लावून बघा. बोकडाच्या काळजाला इथे हिरवी थैली चिकटलेली असते. इथे खळगा आहे का? डाग आहे का?"

राजाने बोट फिरवलं. काळीज गुळगुळीत होतं. म्हाळूने त्याचा एक तुकडा कापला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात टाकला. "थैली फुटली असती तर हे विषासारखं कडू लागलं असतं. गोड आहे. सांबराला पित्ताची थैली नसतेच, महाराज. देवाने दिलेलीच नाही. जन्मभर सांबर खाणाऱ्याला हे कळत नाही, कापणाऱ्याला कळतं."

धूम्रजटाला हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर त्याने ही अट घातली होती. पण मंत्रविद्येचा कायदाच असा, की अट खोटी निघाली की शापही खोटा होतो. त्याची जटा गळून पडली. खाली एक टकला, घाबरलेला म्हातारा उरला.

"जा बाबा," राणी म्हणाली. "पुन्हा या दारी येऊ नकोस."

मग तिने पदर खोचला आणि स्वतः चूल पेटवली. "दादा, यातलं काय कशाला घेऊ?"

"मानेचं रश्श्याला, आईसाहेब. खांद्याच्या फऱ्याचं सुक्याला. आणि कण्यालगतची ही मऊ पट्टी लेकराला. रानातलं मांस आहे, अंगी चरबी नाही. तूप सैल हाताने घाला आणि जाळ मंद ठेवा."

रस्सा रटरटला. राणीने चंपावलीला मांडीवर टेकवलं, मऊ घास तिच्या ओठांशी नेला. पोरीने सवयीने डोळे मिटून घेतले. घास चावला. पुन्हा चावला. डोळे उघडले.

"आई, आणखी."

राजवाड्यावरचा नगारा दुमदुमला. गावाने गुढ्या उभारल्या. राजाने म्हाळूला आपल्या शेजारी पाट मांडून दिला आणि त्याच्या ताटात पहिली पळी स्वतःच्या हाताने वाढली.

त्या लेकराचं पोट भरलं, तसं तुमच्या-आमच्या घरच्या लेकरांचं भरो.