मुकी पेठ

जरा थांबा, पाहुणे, आणि कान देऊन ऐका. वेशीपासून देवळापर्यंत दीडशे दुकानं आहेत, सणाची गर्दी आहे. पण ‘या ताई, बघा तरी’ असं एकही दुकानदार म्हणणार नाही. गिऱ्हाईक आपणहून पायरी चढलं तरच आम्ही बोलतो. म्हणून हिला मुकी पेठ म्हणतात.

असं सांगतात की संस्थानच्या काळी इथे लाकडी फळ्यांची दुकानं होती आणि सगळ्यात खणखणीत हाळी असायची रखमाजी कासाराची. विकायचा बांगड्या, पण भांडण मिटवायला, सोयरीक जुळवायला लोक त्यालाच बोलवायचे.

पुढे दरबाराच्या मनात आलं, रस्ता रुंद करावा, दगडी कमानींची एकसारखी दुकानं बांधावीत. पेठ काही हलेना. तेव्हा कारभाऱ्यांनी रखमाजीला बोलावून वचन दिलं, ज्याची जागा जिथे, तिथेच त्याला नवं दुकान. त्याला ते खरं वाटलं. परत येऊन तो पेठभर हाळी देत फिरला, “फळ्या उतरवा रे! सगळ्यांना जागा मिळणार आहे!” लोकांनी आपल्याच हातांनी फळ्या उतरवल्या.

तीन वर्षं माणसं नदीच्या वाळूत पालं ठोकून बसली. कुणाचा माल पुरात गेला, कुणी गाव सोडलं. कमानी उभ्या राहिल्या, तोवर दुकानं परगावच्या व्यापाऱ्यांना देऊन झाली होती. जुन्यांपैकी फक्त एकाला दुकान मिळालं. रखमाजीला.

अमिनाबी नावाची म्हातारी अत्तरवाली म्हणे एकेका कमानीखाली थांबत त्याच्यापर्यंत आली. “रखमाजीभाऊ, माझं दुकान कुठलं? तुम्हीच सांगितलं होतं ना?” तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

रखमाजीनं दुकानाची किल्ली कारभाऱ्याच्या दारात टाकली. “ज्या तोंडानं यांना उठवलं, ते तोंड आता बंद,” एवढंच म्हणाला. मग रोज त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचा. पेठेतलं जुनं माणूस दिसलं की उठून उभा राहायचा. अशी अकरा वर्षं काढली. शेवटच्या दिवशी बायकोनं पाणी हवं का विचारलं, तेव्हाही बोलला नाही.

तो गेला त्या दिवशी परगावच्या व्यापाऱ्यांनाही हाळी देववली नाही. तोच रिवाज पडला. आजही तो कुणी मोडत नाही.

गेल्या महिन्यात बिल्डरची माणसं आली होती. कमानी पाडून काचेचं संकुल उभारायचं आहे. “सगळ्यांना जागा मिळणार,” असं त्यांनी माइकवरून सांगितलं. रखमाजीची गोष्ट आमच्यात कुणाला ठाऊक नाही? तरी एकानंही तोंड उघडलं नाही. उठून बोलायची आम्हाला सवयच राहिलेली नाही. देवळाच्या ओट्यावर टेबल मांडलं, रांगेनं सह्या झाल्या.

माझी सातवी.